शुल्क वॉशिंग्टनचं, मतं मस्कटीनची

१,९६,९६४ विरुद्ध १,९६,९५८. २०२० साली अमेरिकेतल्या आयोवा राज्याच्या दुसऱ्या मतदारसंघात जवळजवळ चार लाख लोकांनी मतदान केलं आणि प्रतिनिधिगृहाची जागा रिपब्लिकन पक्षाच्या मारियानेट मिलर-मीक्स यांना मिळाली ती अवघ्या सहा मतांनी. पुढे मतदारसंघांची फेररचना झाली, त्यातला बराच भाग नव्या पहिल्या मतदारसंघात गेला आणि २०२४ मध्ये मिलर-मीक्स तिथून पुन्हा निवडून आल्या. या वेळचं मताधिक्य होतं सुमारे आठशे. मिसिसिपी नदीच्या काठचा हा मुलूख. आयोवा सिटीत विद्यापीठ आहे, डेव्हनपोर्टला यंत्रं बनवणाऱ्या जॉन डिअर कंपनीचा कारखाना आहे, नदीकाठी मस्कटीन नावाचं छोटं शहर आहे आणि उरलेल्या जमिनीवर नजर जाईल तिथवर मका आणि सोयाबीन.

मस्कटीनला १९८५ साली चीनच्या हेबेई प्रांतातला एक तरुण अधिकारी शेतीची पाहणी करायला आला होता. एका कुटुंबाच्या घरी त्याने दोन रात्री मुक्काम केला. २०१२ मध्ये तो पुन्हा त्या गावी जुन्या यजमानांना भेटायला गेला, तेव्हा तो चीनचा उपाध्यक्ष होता. त्याच वर्षाअखेरीस शी जिनपिंग कम्युनिस्ट पक्षाचे सर्वोच्च नेते झाले. अमेरिकेच्या कुठल्या मालावर जबर शुल्क लावलं की कुठल्या गावात कळ उमटते, हे बीजिंगला नकाशा न उघडता माहीत आहे.

३ नोव्हेंबर २०२६ ला अमेरिकेत मध्यावधी निवडणुका आहेत. प्रतिनिधिगृहाच्या सगळ्या ४३५ जागांसाठी मतदान होईल. बहुमताला २१८ लागतात. २०२४ मध्ये रिपब्लिकन पक्षाला २२० आणि डेमोक्रॅट पक्षाला २१५ जागा मिळाल्या, म्हणजे तीन जागा इकडून तिकडे गेल्या की सभागृहाचा ताबा बदलतो. चारशेच्या आसपास जागांचा निकाल आधीच सांगता येतो. लढत होते ती उरलेल्या मूठभर जागांवर, आणि डोनाल्ड ट्रम्प यांनी २ एप्रिल २०२५ पासून जगभर लावलेल्या आयातशुल्काची खरी परीक्षा तिथेच आहे. देशभरातल्या जनमत चाचण्या ही परीक्षा नीट दाखवत नाहीत. एखाद्या मतदारसंघात शेकड्यात एक माणूस घरी बसला किंवा त्याने दुसरीकडे मत दिलं, तरी चाचणीत ते दिसत नाही. निकालात मात्र दिसतं.

या सगळ्यात मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती एक जुनी गोष्ट आणि तिच्यात झालेला बदल. पूर्वी शुल्क लावणारा माणूसच मतदारापुढे उभा असायचा.

१ ऑक्टोबर १८९० रोजी अमेरिकेत एक शुल्क कायदा झाला. त्याचा कर्ता होता ओहायोचा खासदार विल्यम मॅकिन्ले, आणि कायदा त्याच्याच नावाने ओळखला गेला. निवडणूक जेमतेम महिन्यावर होती. नव्या कायद्याने पत्र्यावरचं शुल्क चांगलंच वाढलं होतं. त्या प्रचाराची एक हकिकत अमेरिकी इतिहासात वारंवार सांगितली जाते. डेमोक्रॅटांनी पत्र्याची भांडी विकणारे फेरीवाले ओहायोच्या खेड्यांत पाठवले. पाच सेंटांचा पेला ते पंचवीस सेंटांना सांगत आणि घरातल्या बाईने डोळे वटारले की म्हणत, काय करणार, मॅकिन्लेचा कर! कायद्याचा परिणाम बाजारात पोचायच्या आधीच तो असा दारोदार पोचवला गेला. नोव्हेंबरात ३३२ जागांच्या सभागृहात रिपब्लिकन ८६ वर आले. खुद्द मॅकिन्ले सुमारे तीनशे मतांनी पडले. त्यांच्या पराभवात आणखी एक हात होता: ओहायोतल्या डेमोक्रॅटांनी त्यांच्या मतदारसंघाची हद्द आधीच सोयीने कापून घेतली होती. हाच मॅकिन्ले पुढे १८९६ मध्ये अध्यक्षपदाची निवडणूक जिंकला आणि आज ट्रम्प त्याचं नाव आदराने घेतात. मात्र १८९० चा धडा ट्रम्प यांच्या पक्षातले सगळेच विसरलेले नाहीत. केंटकीचे सिनेटर रँड पॉल यांनी २०२५ च्या वसंतात त्याची जाहीरपणे आठवण करून दिली.

दुसरा प्रसंग १९३० चा. शुल्क वाढवणाऱ्या स्मूट-हॉली कायद्यावर सही करू नका, असं पत्र एक हजाराहून जास्त अर्थतज्ज्ञांनी अध्यक्ष हूव्हर यांना लिहिलं. त्यांनी जूनमध्ये सही केली. १९३२ मध्ये युटाचे सिनेटर रीड स्मूट पडले आणि ऑरेगनचे विलिस हॉली तर पक्षांतर्गत निवडणुकीतच हरले. मंदीचं वर्ष होतं, सगळा दोष शुल्काचा म्हणता येणार नाही. पण या अनुभवातून काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने, १९३४ मध्ये एक मोठा निर्णय घेतला. राज्यघटनेने शुल्क लावण्याचा अधिकार काँग्रेसला दिला होता. परस्पर व्यापार करार करून शुल्क कमी-जास्त करण्याची मुभा काँग्रेसने अध्यक्षाला दिली. पुढच्या दशकांत या मुभा वाढत गेल्या.

इथे गाडी रूळ बदलते. आज अध्यक्ष एका सहीने शुल्क लावतो, आणि मध्यावधीत मतपत्रिकेवर त्याचं नाव नसतं. नाव असतं मिलर-मीक्स यांच्यासारख्यांचं, ज्यांनी हे शुल्क लागताना बाजूने हात वर केलेला नसतो आणि विरोधातही केलेला नसतो.

हे प्रत्यक्षात कसं घडतं, ते २०१८ ने दाखवलं. त्या वर्षी मार्चमध्ये ट्रम्प यांनी आयात पोलादावर २५ आणि ॲल्युमिनियमवर १० टक्के शुल्क लावलं. ६ जुलैला चीनच्या ३४ अब्ज डॉलरच्या मालावर २५ टक्के लावलं. चीनने त्याच दिवशी उलट मारा केला आणि यादीत सोयाबीन ठळकपणे होतं. तोवर अमेरिकेच्या सोयाबीन निर्यातीतला निम्म्याहून बराच जास्त माल एकटा चीन घेत असे. २०१७ मध्ये त्याची किंमत सुमारे १२ अब्ज डॉलर होती. पुढच्या वर्षी ती ३ अब्जांच्या आसपास घसरली. युरोपनेही नेम धरला: विस्कॉन्सिनच्या हार्ले-डेव्हिडसन मोटारसायकली, केंटकीची बर्बन व्हिस्की. विस्कॉन्सिन हे तेव्हाचे सभापती पॉल रायन यांचं राज्य, केंटकी सिनेटमधले रिपब्लिकन नेते मिच मॅकोनेल यांचं. या याद्या चिठ्ठ्या उचलून तयार झाल्या नव्हत्या.

शेतकऱ्याला हा फटका कुठे बसतो? धान्याच्या एलेव्हेटरवर. अमेरिकेच्या मैदानी राज्यांत गावोगावी सिमेंटच्या उंच कोठ्या दिसतात. शेतकरी ट्रक भरून माल तिथे आणतो. वजन होतं, ओलावा तपासला जातो आणि त्या दिवसाचा रोख भाव मिळतो. हा भाव दोन गोष्टींचा बनतो. एक, शिकागोच्या वायदे बाजारातला दर. दुसरी, त्या एलेव्हेटरची वजावट, म्हणजे तिथून बंदरापर्यंत माल नेण्याचा खर्च आणि पलीकडे गिऱ्हाईक किती उत्सुक आहे त्याचा हिशेब. चीनचं शुल्क आलं तेव्हा दोन्हीकडून मार बसला. शिकागोचा दर काही आठवड्यांत बुशेलला, म्हणजे तिथल्या धान्याच्या मापाला, साडेदहा डॉलरवरून साडेआठच्या आसपास आला. नॉर्थ डाकोटात वजावटही वाढली, कारण तिथलं सोयाबीन रेल्वेने पॅसिफिकच्या बंदरांत जातं आणि तिथून चीनला. जहाजच लागणार नसेल तर गाडी कशाला भरायची? काही एलेव्हेटरांनी भाव सांगणंच थांबवलं.

बुशेलमागे दोन डॉलर ऐकायला किरकोळ वाटतात. एकरी ५५ बुशेल पीक धरा, ५०० एकर धरा. तिथल्या मध्यम शेतकऱ्याचा हा पसारा. तोटा होतो ५५ हजार डॉलरचा. त्यातून बियाण्याची उधारी, यंत्राचा हप्ता, जमिनीचा खंड भागवायचा असतो.

सरकारने जुलैत १२ अब्ज डॉलरची मदत जाहीर केली. सोयाबीनला बुशेलमागे १.६५ डॉलर, आणि पहिला हप्ता निम्म्याच उत्पादनावर. मक्याला बुशेलमागे एक सेंट! आयोवात मका हेच मुख्य पीक. त्या एका सेंटने शेतकऱ्याच्या मनात काय केलं असेल, ते महाराष्ट्रात पीकविम्याचे शंभर-सव्वाशे रुपये खात्यावर जमा झालेल्या माणसाला सांगावं लागत नाही.

सप्टेंबरात चीनने आणखी एक पाऊल टाकलं. आयोवाच्या ‘डी मॉइन रजिस्टर’ या दैनिकात सरकारी ‘चायना डेली’ने चार पानी पुरवणी पैसे देऊन छापून आणली. विषय होता सोयाबीन आणि अध्यक्षांची चूक. ट्रम्प यांनी ट्विटरवर जाहीर आगपाखड केली. दुसऱ्या देशाने मतदाराच्या घरात वर्तमानपत्राच्या घडीतून शिरावं, हा प्रकार विलक्षण होता.

६ नोव्हेंबर २०१८ ला डेमोक्रॅटांनी प्रतिनिधिगृहात निव्वळ ४० जागा मिळवल्या. आयोवाच्या चारपैकी दोन जागा रिपब्लिकनांच्या हातून गेल्या. रॉड ब्लम आणि डेव्हिड यंग दोघेही पडले. पण हे सगळं सोयाबीनमुळे झालं का?

एमिली ब्लँचर्ड, चॅड बाउन आणि डेव्हिन चोर या तीन अर्थतज्ज्ञांनी जिल्हावार आकडे तपासले. जिथल्या मालावर परदेशांनी उलट शुल्क लावलं होतं, तिथे रिपब्लिकन उमेदवारांची मतं घटली. जिथल्या कारखान्यांना अमेरिकेच्या शुल्काने संरक्षण मिळालं, तिथे त्या प्रमाणात मतं वाढली नाहीत. घट मुख्यतः शेतमालावरच्या उलट शुल्कामुळे होती आणि सरकारी मदतीने ती थोडीशीच भरून निघाली. त्यांचा अंदाज असा, की गमावलेल्या जागांपैकी पाच जागा व्यापारयुद्धाच्या खात्यावर टाकता येतात. आरोग्यविम्याच्या खात्यावर आठ. चाळीसमध्ये पाच म्हणजे फार नाही, असं तेव्हा म्हणता आलं असतं. २२० विरुद्ध २१५ च्या सभागृहात पाच जागा म्हणजे सत्ता. सुंग उन किम आणि योताम मार्गालित यांच्या अभ्यासात तर असं दिसलं, की चीनची शुल्कं रिपब्लिकन भागांतल्या मालावर होती आणि त्यातही जिथे लढत अटीतटीची होती, तिथे नेम अधिक होता.

एवढ्यावर थांबलं तर चित्र फार सोपं होईल. त्याच नोव्हेंबरात सोयाबीनच्या नॉर्थ डाकोटात डेमोक्रॅट सिनेटर हायडी हाइटकँप शुल्काच्या विरोधात जीव तोडून प्रचार करत होत्या. त्या सुमारे ११ टक्क्यांनी हरल्या. आयोवातही त्याच दिवशी रिपब्लिकन गव्हर्नर किम रेनॉल्ड्स निवडून आल्या. शेतकरी तोटा सोसतो आणि तरीही आपल्या माणसाला मत देतो. यात मूर्खपणा शोधणं चुकीचं आहे. चीन वर्षानुवर्षं फसवत आलाय, कुणीतरी एकदा उभं राहायला हवं, थोडं सोसू, ही भावना तिथे खरी होती. डेव्हिड ऑटर आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासातून हेच पुढे आलं: संरक्षित उद्योगांत शुल्कामुळे रोजगार वाढले नाहीत, परदेशांच्या उलट शुल्काने शेतीतले रोजगार घटले, आणि तरी संरक्षण मिळालेल्या भागांत २०२० मध्ये ट्रम्प यांची मतं वाढली. पगार वाढला नाही, पण आपली दखल घेतली गेली, असं लोकांना वाटलं.

मग ब्लँचर्ड खऱ्या की ऑटर? माझ्या मते दोघेही. अध्यक्ष स्वतः उभा असतो तेव्हा शुल्क ही त्याची निष्ठा ठरते. तो नसतो, तेव्हा तेच शुल्क फक्त पावतीवरचा आकडा उरतं आणि मतदार समोर असलेल्या उमेदवाराकडे हिशेब मागतो. २०२६ हे दुसऱ्या प्रकारचं वर्ष आहे.

डेमोक्रॅटही या प्रश्नावर एकसंध नाहीत. मेन राज्याचा दुसरा मतदारसंघ ट्रम्प यांच्याकडे झुकलेला. तिथले डेमोक्रॅट खासदार जेरेड गोल्डन यांनी सरसकट १० टक्के शुल्काचं विधेयक जानेवारी २०२५ मध्ये स्वतःच मांडलं. मोटार कामगारांच्या संघटनेचे अध्यक्ष शॉन फेन यांनी मोटारींवरच्या शुल्काचं स्वागत केलं. मिशिगनमधल्या काठावरच्या जागांवर डेमोक्रॅट उमेदवाराला म्हणूनच ‘शुल्क वाईट’ असं सरळ म्हणता येत नाही. ‘हे शुल्क असं लावायला नको होतं’ एवढंच म्हणता येतं, आणि हे वाक्य प्रचाराच्या फलकावर मावत नाही. त्याच मिशिगनमध्ये डेट्रॉइटचे खासदार आहेत बेळगावात वाढलेले मराठीभाषक श्री ठाणेदार. त्यांचा मतदारसंघ डेमोक्रॅटांचा हक्काचा. तिथे शुल्काने नोव्हेंबरचा निकाल हलण्याची शक्यता जवळजवळ नाही. अमेरिकेतल्या बहुतेक खासदारांची स्थिती अशीच आहे, म्हणून तर ज्यांची तशी नाही त्यांच्यावर सगळं ओझं येतं.

हे ओझं पक्षनेत्यांना किती नीट कळतं, ते मार्च २०२५ मध्ये दिसलं. ट्रम्प यांनी कॅनडा, मेक्सिको आणि चीनवरची शुल्कं ‘राष्ट्रीय आणीबाणी’ जाहीर करून लावली होती. अशी आणीबाणी रद्द करण्याच्या ठरावावर ठरावीक दिवसांत मतदान घ्यावं लागतं, असा कायदा आहे. प्रतिनिधिगृहाच्या रिपब्लिकन बहुमताने एक नियम मंजूर करून घेतला: या कामापुरता, अधिवेशनाचा उरलेला एकही दिवस ‘दिवस’ म्हणून मोजायचा नाही. दिवसच सरत नाहीत म्हटल्यावर मुदत संपणार कशी? तेव्हा मतदान टळलं. मिलर-मीक्स यांना शुल्काच्या बाजूने मत देऊन शेतकऱ्याचा किंवा विरोधात देऊन अध्यक्षांचा रोष घ्यावा लागला नाही. मला हा प्रकार लोकशाहीच्या दृष्टीने शुल्काहून जास्त गंभीर वाटतो. मॅकिन्ले पडला, पण मतदारांना ठाऊक होतं की कुणाला आणि कशासाठी पाडतो आहोत. सिनेटमध्ये निदान मतं नोंदली गेली: कॅनडावरच्या शुल्काविरुद्धचा ठराव एप्रिलमध्ये ५१ विरुद्ध ४८ ने मंजूर झाला, चार रिपब्लिकनांच्या साथीने. त्यांतल्या मेनच्या सुझन कॉलिन्स यांची जागा २०२६ मध्येच पणाला लागणार आहे.

जबाबदारी टाळण्याचा दुसरा मार्ग म्हणजे काठावरच्या जागाच कमी करणं. ऑगस्ट २०२५ मध्ये टेक्सासने मतदारसंघांच्या हद्दी दशकाच्या मध्येच नव्याने आखल्या, रिपब्लिकनांना आणखी पाच जागा मिळाव्यात म्हणून. मिसुरीने तेच केलं. कॅलिफोर्नियाने डेमोक्रॅटांसाठी तेच केलं. कॅलिफोर्नियाचा तेरावा मतदारसंघ २०२४ मध्ये १८७ मतांनी फिरला होता. बदामाच्या बागांचा हा प्रदेश. २०१९ मध्ये भारताने अमेरिकेच्या २८ वस्तूंवर जादा शुल्क लावलं तेव्हा त्यात बदाम, अक्रोड आणि सफरचंद होतीच. नेम धरण्याची कला दिल्लीलाही येते.

आता २०२५ चं पीक. मे महिन्यात अमेरिका-चीनमध्ये तह झाला, १४५ टक्क्यांचं शुल्क ३० वर आलं, पण सोयाबीनवरचं चीनचं जादा शुल्क राहिलं. सप्टेंबर उजाडला, काढणी सुरू झाली आणि नव्या पिकातली एकही बोट चीनने घेतली नव्हती. २०२४ मध्ये त्याने साडेबारा अब्ज डॉलरचं सोयाबीन घेतलं होतं. मग सप्टेंबरच्या शेवटी अर्जेंटिनाने शेतमालावरचा निर्यातकर तात्पुरता उठवला, चीनने तिकडून बोटी भरल्या, आणि त्याच आठवड्यात अमेरिकी अर्थखातं अर्जेंटिनाला २० अब्ज डॉलरचा आधार देण्याची भाषा करत होतं. आयोवाचे नव्वदी ओलांडलेले रिपब्लिकन सिनेटर चक ग्रासली यांनी जाहीरपणे विचारलं, आपल्या शेतकऱ्याची बाजारपेठ घेणाऱ्याला मदत कशासाठी? जॉन डिअरनेही ऑगस्टमध्ये सांगितलं, की शुल्कामुळे त्या वर्षी सुमारे ६० कोटी डॉलरचा भार पडेल. म्हणजे डेव्हनपोर्ट परिसरात शेत आणि कारखाना दोन्हीकडून तीच तक्रार होती.

चीन घेत नाही, तर दुसरं गिऱ्हाईक शोधा, हा दबाव मग दिल्लीकडे वळला. भारतावर ५० टक्के शुल्क लागल्यानंतर अमेरिकेचे वाणिज्यमंत्री हॉवर्ड लटनिक यांनी जाहीर सवाल केला, की १४० कोटींचा देश आमचा एक बुशेल मकाही का घेत नाही? या प्रश्नामागे मस्कटीन आहे. एक साधा हिशेब पाहा. सोयाबीनला बुशेलमागे दहा डॉलर म्हणजे क्विंटलला सव्वातीन हजार रुपयांच्या आसपास. आपला सोयाबीनचा २०२५-२६ चा हमीभाव ५,३२८ रुपये, आणि २०२५ मध्ये लातूरच्या आडत बाजारात तोही मिळत नव्हता. तो माल इथे उतरला तर मराठवाड्याचं काय होईल, हे सांगायला तज्ज्ञ नको. २०२१ च्या ऑगस्टमध्ये १२ लाख टन सोयापेंड आयातीला परवानगी मिळाली तेव्हा चढलेले भाव कसे कोसळले, ते शेतकऱ्याच्या लक्षात आहे. कापसाच्या बाबतीत झटका आलाही. अमेरिकी शुल्काने घायाळ झालेल्या कापड निर्यातदारांसाठी केंद्राने कापसावरचं ११ टक्के आयातशुल्क २०२५ च्या डिसेंबरअखेरपर्यंत माफ केलं, आणि विदर्भाचा कापूस नेमका त्याच महिन्यांत बाजारात येतो.

व्यापाराच्या निर्णयाने मतदारसंघ कसे हलतात, हे नाशिककरांनी २०२४ मध्ये करून दाखवलं. कांद्यावर २०२३ मध्ये आधी ४० टक्के निर्यातशुल्क, मग डिसेंबरात निर्यातबंदी. लोकसभेला दिंडोरीत केंद्रीय राज्यमंत्री भारती पवार पडल्या. तिथे शेतकऱ्याला ठाऊक होतं की निर्णय आपल्याच सरकारचा आहे. आयोवातल्या शेतकऱ्यापुढचा पेच अधिक अवघड: शुल्क लावलं आपल्या अध्यक्षाने, उलटवलं चीनने, आणि मतपत्रिकेवर यांतलं कुणीच नाही.

काढणी संपली की तिथला शेतकरी हिवाळ्यात बँकेत जातो, पीककर्जाचं नूतनीकरण करतो, मका पेरायचा की सोयाबीन ते ठरवून बियाणं नोंदवतो. जूनमध्ये पक्षांतर्गत निवडणुका असतात. ३ नोव्हेंबरपर्यंत आयोवातली पुढची काढणीही जवळजवळ उरकलेली असेल. मतदानाला निघालेल्या माणसाकडे तेव्हा एलेव्हेटरच्या दोन हंगामांच्या पावत्या असतील, आणि मिलर-मीक्स यांना या दोन्हींबद्दल उत्तर द्यावं लागेल.